पेरणीआधी या

सकाळी ६.४५

सप्टेंबर संपत आला की माझा दिवस शेतावर सुरू होतो. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, त्यांतल्या एकात मी संख्याशास्त्र शिकवते. संख्याशास्त्राच्या बाईचं शेतात काय काम, असं वाटणारी माणसं अजून आहेत. कमी होत चालली आहेत, एवढंच.

वाफसा आलाय. शेतावरच्या मामांनी दोरी, टेप, खुंट्या बांधावर काढून ठेवल्यात. रब्बी ज्वारीच्या आठ वाणांची चाचणी लावायची आहे, तीन रिप्लिकेशन, म्हणजे चोवीस प्लॉट. ज्वारीवाले सर घड्याळाकडे बघतायत, कारण ऊन चढायच्या आत टोकण उरकायची आहे.

मी आधी उतार बघते. वरच्या बांधाला जमीन मुरमाड, हलकी. खालच्या अंगाला खोल काळी. ज्वारीला हा फरक फार लागतो. म्हणून तर हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा आणि भारीला फुले वसुधा अशा शिफारशी वेगवेगळ्या आहेत. तेव्हा ब्लॉक उताराला आडवा पाडायचा. वरचा ब्लॉक सगळा हलक्यात, मधला मध्यमात, खालचा भारीत, आणि प्रत्येक ब्लॉकात आठही वाण. ब्लॉक उभा पाडला तर ज्या वाणाच्या वाट्याला खालचा प्लॉट येईल त्याचं उत्पादन फुगणार, आणि आपण कौतुक करणार वाणाचं.

मामांचं दरवर्षीचं म्हणणं ठरलेलं. ‘‘मॅडम, एक ते आठ ओळीनं लावू की. पाट्या शोधायला सोपं जातं.’’

‘‘मामा, तिन्ही ब्लॉकांत तोच क्रम ठेवला तर पाचव्याचा शेजारी कायम सहावाच. सहावा उंच निघाला तर पाचव्यानं तिन्हीकडे सावलीतच राहायचं का?’’

‘‘मग चिठ्ठ्या टाका.’’

‘‘काल कॉम्प्युटरनं टाकल्यात.’’

यावर मामा हसतात. चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास आहे, कॉम्प्युटरवर तितकासा नाही.

आज खरी अडचण दुसरीच निघाली. एका वाणाचं बियाणं कमी पडतंय. ‘‘दोनच रिप्लिकेशन घेऊ,’’ सर म्हणाले, ‘‘तेवढ्यानं काय बिघडतं?’’ बरंच बिघडतं. आठ वाण आणि तीन रिप्लिकेशन असले की त्रुटीचे डिग्रीज ऑफ फ्रीडम चौदा मिळतात; दोनच ठेवले की सात. आमच्याकडे निदान बारा तरी असावेत असा रिवाज आहे. पाच टक्के पातळीला टी-मूल्य २.१४५ वरून २.३६५ वर जातं, त्यात रिप्लिकेशन कमी झाल्याचा मार वेगळा. शेताची त्रुटी तेवढीच धरली तरी क्रिटिकल डिफरन्स सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चांगला वाण आणि साधारण वाण यांतला फरक डोळ्यांना दिसेल, पण प्रबंधात दोघंही ‘ॲट पार’. हिवाळाभर राखण करून शेवटी ॲट पार.

मी सुचवलं, रिप्लिकेशन तीनच ठेवा, ओळ पाचाऐवजी चार मीटरची करा. ४५ सेंटिमीटरवर सहा ओळी, कडेच्या दोन सोडायच्या, दोन्ही टोकांचं एकेक झाड सोडायचं. निव्वळ प्लॉट उरतो १.८० गुणिले ३.७०, म्हणजे ६.६६ चौरस मीटर. सरांनी मान डोलावली, पण यालाही किंमत आहे. एवढ्याशा प्लॉटवर वजनात शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले की हेक्टरी दीड क्विंटलचा फरक पडतो. काढणीच्या दिवशी तराजूपाशी कोण बसणार, हे आत्ताच ठरवून घेतलं.

सकाळी ९.३०

केबिनच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय: ‘पेरणीआधी या’. त्याच्याच शेजारी बाकावर दोघं बसलेत, दोघांच्याही हातात काढणीनंतरची एक्सेल फाइल.

पहिलीचं सोयाबीन. नऊ ट्रीटमेंट, सिग्निफिकन्स कुठेच नाही. ‘‘मॅडम, बघा ना, काही तरी सिग्निफिकंट येईल का? सर रागावतील.’’ तिच्या वाक्यातलं ‘येईल का’ मला रोज ऐकू येतं. आकडे म्हणजे पाहुणे, आग्रह केला की येतील, असा समज. ओपीस्टॅटमध्ये टाका, वास्पमध्ये टाका, आरमध्ये टाका, उत्तर तेच येणार. (ओपीस्टॅट हिसारच्या कृषी विद्यापीठाचं आणि वास्प जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेचं, विद्यार्थ्यांना दोन्ही फुकट वापरता येतात आणि दोन्हींचे उपकार मोठे आहेत.) जादा खताच्या मात्रेनं उत्पादन वाढलं नाही, हाही शेतकऱ्याच्या पैशाचा निष्कर्ष आहे, तसाच लिही, असं मी तिला सांगते. तिला पटत नाही. तिच्या सरांना फोन करून त्यांनाही सांगते.

दुसऱ्याचा प्रबंध तपासायचाय. संदर्भात ‘पानसे आणि सुखात्मे’ आहेतच. ते नसलेला शेतीचा प्रबंध या देशात सापडणं कठीण. १९५४ साली हे पुस्तक आलं तेव्हापासून आमच्या पिढ्या त्याचं नाव लिहीत आल्या. उघडून वाचणारे मात्र थोडे, हे प्रबंधातल्या सांख्यिकीच्या प्रकरणावरून पहिल्या पानातच कळतं.

सकाळी ११.००

एमएस्सीचा तास. आज लॅटिन स्क्वेअर.

शेतात उतार एकीकडे आणि पाण्याची ओढ दुसरीकडे, असा दुहेरी फरक असेल तर ही रचना कामाची. प्रत्येक ट्रीटमेंट प्रत्येक आडव्या ओळीत एकदा, प्रत्येक उभ्या ओळीत एकदा. १९१९ साली रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेल्यावर संख्याशास्त्रज्ञ फिशरनं ही रचना शेतात उतरवली. पण चौरस त्याच्या कितीतरी आधीचे. गणितज्ञ ऑयलरनं १७८२ मध्ये छत्तीस अधिकाऱ्यांचं कोडं मांडलं: सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतला प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा की कुठल्याही उभ्या-आडव्या ओळीत ना पलटण दुसऱ्यांदा येईल ना हुद्दा. जमत नाही. ऑयलरनं अंदाज बांधला की सहालाच नव्हे, दहा, चौदा, अठरा, चारानं भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याही संख्येला हे जमणार नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता, हे १९००च्या सुमारास तारीनं दाखवलं. पुढं जवळजवळ साठ वर्षं बाकीचंही खरंच असणार म्हणून लोक गप्प.

इथं मी खडू खाली ठेवते, कारण पुढची गोष्ट मला आवडते. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ऑयलरचा अंदाज पाडला. बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौरस बांधला, पार्करनं दहाचा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर सगळ्यांना जमतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली. शरदचंद्र श्रीखंडे नागपुरात शिकलेले, पुढं मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख. २०२० साली गेले तेव्हा वय एकशे दोन. वर्गात हे नाव ऐकलेला एकही हात वर येत नाही. दरवर्षी येत नाही, आणि दरवर्षी मी विचारते.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘‘मॅडम, दहाचा चौरस शेतात कोण लावतं?’’ कोणीच नाही. दहा ट्रीटमेंटला शंभर प्लॉट लागतील आणि पाट्या रोवतानाच हंगाम निघून जाईल. ‘‘मग उपयोग काय?’’ दुपारपर्यंत थांब, म्हटलं.

दुपारी १.१५

डबा. शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापकांना भाव आणि बाजार समितीशिवाय विषय नाही. मी त्यांना गॉसेटची गोष्ट सांगून कंटाळवलंय. डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीतला हा माणूस; चांगली बार्ली कुठली हे थोड्याशा नमुन्यांवरून ठरवायचं होतं. त्यातून टी-चाचणी निघाली. कंपनी नावानिशी लिहू देत नव्हती, म्हणून १९०८ चा तो लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापला गेला. धंदा, पीक आणि गणित एकाच पगारात.

दुपारी २.००

कृषी अभियांत्रिकीचा पीएचडीचा मुलगा येतो. कांद्याच्या चकत्या वाळवायच्या आहेत. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी, ते कमीत कमी विजेत काढायचं आणि रंग-तिखटपणा राखायचा. चार घटक: तापमान, चकतीची जाडी, हवेचा वेग आणि सुकवण्याआधीची प्रक्रिया. प्रत्येकाच्या तीन पातळ्या. सगळी जुळणी करायची तर ८१ वेळा ड्रायर चालवायला हवा. त्यानं यूट्यूबवरून टागुचीचा एल-नाइन तक्ता आणलाय: नऊच प्रयोगांत चारही घटक.

सकाळी मागच्या बाकावरून विचारणाऱ्या मुलाला मी मुद्दाम बोलावून घेतलंय. फळ्यावर तीनाचा चौरस काढला. आडवी ओळ म्हणजे तापमान, उभी म्हणजे जाडी, एका चौरसातलं अक्षर म्हणजे वेग, त्यावर ठेवलेल्या दुसऱ्या चौरसातलं अक्षर म्हणजे प्रक्रिया. हाच एल-नाइन. ऑयलरचे अधिकारी, फक्त सहाच्या जागी तीन. अशा रचनांचं सामान्य रूप, ऑर्थोगोनल ॲरे, सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये मांडलं. टागुची १९५०च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते, आणि पुढं जपानच्या कारखान्यांत त्यांनी असे तक्ते रुजवले. उपयोग काय म्हणून विचारणारा आता कांद्याच्या मुलाच्या तक्त्याचे रकाने स्वतःच पडताळून बघतोय.

तरीही मी एल-नाइनला नकार दिला. नऊ प्रयोगांत चार घटक कोंबले की त्यांच्या आपसातल्या परिणामांना जागा उरत नाही. तापमान आणि जाडी यांचा एकत्रित परिणाम वेग आणि प्रक्रियेच्या रकान्यांत जाऊन बसतो, आणि वाटतं की वेगानं फरक पडला. कांद्यात हे दोन घटक एकमेकांत गुंतलेले आहेतच. जाड चकती जास्त तापमानात टाकली की वरून कडक होते, आतलं पाणी अडकून राहतं. कारखान्यात जिथं असे गुंते थोडे, तिथं एल-नाइन छान. वनस्पतीच्या पेशींना तो लागू पडेलच असं नाही. अभियंत्यांना पेशी म्हणजे पाण्याची टाकी वाटते, अशी माझी जुनी तक्रार आहे. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी आधीची प्रक्रिया एकच ठेवायची, उरलेल्या तिन्ही घटकांना बॉक्स-बेन्केन रचना लावायची: कडांवरचे बारा प्रयोग, मधल्या बिंदूवरचे तीन, एकूण पंधरा. ड्रायर अजून लावलाही नव्हता. दारावरचा कागद यानं वाचला होता.

दुपारी ३.३०

आंतरशाखीय प्रकल्पाची बैठक. चार विभाग, चार अंदाजपत्रकं, एक स्टेपलर. समोसे चांगले होते.

सायंकाळी ४.३०

ॲग्रिबिझनेस मॅनेजमेंटची एमबीएची मुलगी. विषय: शेतकरी उत्पादक कंपनीबद्दल सभासदांचं समाधान. पाच पायऱ्यांची प्रश्नावली, नमुना १२० चा. आधी वीस जणांची चाचणी घेतलीय आणि सरासरी आलीय ४.६. ती खूश आहे.

‘‘ही वीस नावं कुणी दिली?’’

‘‘चेअरमननी. गाडीनं फिरवलंसुद्धा त्यांनी.’’

कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं उत्पादक कंपन्या आल्या, तेव्हा शेतकऱ्यानं मालक व्हावं असा हेतू होता. मालकाचं मत चेअरमनच्या गाडीतून विचारलं तर ४.६ च येणार. मी तिला तिच्याच जिल्ह्यातल्या माणसाची गोष्ट सांगितली. ‘पानसे आणि सुखात्मे’मधले पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्यातल्या बुधचे. पीक कापणीचा प्रयोग किती मोठ्या तुकड्यावर करावा यावरून १९४०च्या दशकात त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा मोठा वाद झाला. लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत, स्वस्त पडतात, असं महालनोबिसांचं म्हणणं. सुखात्म्यांनी आकड्यांनिशी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कापणारा काठावरची झाडं नकळत आत ओढतो आणि उत्पादन फुगतं. आजही महाराष्ट्रात बहुतेक पिकांचा कापणी प्रयोग १० बाय ५ मीटरच्या प्लॉटवर होतो आणि विम्याची भरपाई त्यावर ठरते. काठावरची झाडं आत ओढायची सवय माणसांच्या यादीलाही असते, एवढंच तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं.

सभासदांचं रजिस्टर कंपनीला ठेवावंच लागतं. तिनं ते संध्याकाळी मिळवायचं, गावनिहाय वाटून चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ही वीस उत्तरं फक्त प्रश्न सुधारायला वापरायची.

रात्री ८.२०

तिचा फोन. यादी निघाली. पण एक सभासद जमीन विकून पुण्याला गेलाय, आणि एकाचं चेअरमनशी भांडण आहे, तो दोन वर्षं सभेलाच येत नाही. ‘‘मॅडम, या दोघांऐवजी शेजारची नावं घेऊ का?’’

पुण्याच्या माणसाला फोन लाव, म्हटलं, अजून सभासद असेल तर तोही यादीतच. आणि भांडलेल्या माणसाकडे उद्या सगळ्यांत आधी जा. चेअरमनची गाडी नको, एसटीनं जा.