दोन आसनांची गाडी आणि पेढीचा हिशेब

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, गतवर्षाचा ताळेबंद नजरेखालून जातो आणि वर्ष बरे गेले असेल तर ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील व्यापारी घरांत एखाद्या मोठ्या खरेदीचा विषय निघतो. पूर्वी तो नव्या गाळ्याचा किंवा सोन्याचा असे. आता कधीकधी घरातला तरुण दोन आसनांच्या स्पोर्ट्स गाडीचे नाव काढतो. वडील क्षणभर गप्प होतात आणि आजोबा विचारतात, "पण हिच्यात बसणार कोण?"

वरवर टोमण्यासारखा वाटणारा हा प्रश्न खरे तर मूल्यमापनाची पहिली पायरी आहे. एकत्र कुटुंबात अशी गाडी घरातील एकमेव वाहन होऊ शकत नाही. सहा-सात माणसांनी टेंभी नाक्याच्या देरासरात दर्शनाला जायचे, तर दुसरी गाडी लागणारच. म्हणून हिचा सारा खर्च गरजेच्या नव्हे, हौसेच्या खात्यावर लिहावा लागतो. हौस करण्यात दोष नाही. मात्र तिची रक्कम आधी ठरलेली असावी. परिग्रह-परिमाण व्रताचा व्यवहारातील अर्थही हाच आहे: मर्यादा आधी, खरेदी नंतर.

ही रक्कम ठरवताना शोरूममधील किंमत ही केवळ सुरुवात असते. २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने आपली झेड-फोर ही दोन आसनी गाडी ८९ लाख ३० हजार रुपये या शोरूम किमतीला भारतात आणली. हिशेबाच्या सोयीसाठी ९० लाखांची पेट्रोल गाडी धरू. महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे. म्हणजे ११ लाख ७० हजार. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के होतो आणि आकडा १८ लाखांवर जातो. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. शिवाय दहा लाखांवरील वाहनावर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण रोख रक्कम आजच द्यावी लागते.

"पेढीच्या नावावर घेऊ, कर वाचेल" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो, परंतु घरगुती वापराचा हिस्सा त्यातून वगळला जातो. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. पुढे गाडी विकताना घसाऱ्यानंतरच्या पुस्तकी किमतीपेक्षा जास्त रक्कम आली, तर नोंदणीकृत पेढीला त्या फरकावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. दोन आसनांची गाडी मालाची ने-आण करत नाही. तिचा व्यावसायिक वापर दाखवणे अवघड जाते, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर येते मूल्याची घट. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना जे कोष्टक वापरतात, त्यात सहा महिन्यांनंतर १५ टक्के, पहिल्या वर्षानंतर २०, दुसऱ्यानंतर ३०, तिसऱ्यानंतर ४० आणि चौथ्यानंतर ५० टक्के घट धरली जाते. म्हणजे ९० लाखांच्या गाडीचे विमामूल्य पाचव्या वर्षी साधारण ४५ लाख. भरलेला मोटार वाहन कर यात धरलेलाच नाही. बाजारभाव थोडा वर-खाली असेल, पण दिशा हीच.

मग जुनी गाडी घ्यावी का? पहिल्या मालकाने घट सोसलेली असते, हे तिचे बलस्थान. मात्र येथे कागदांची पारख गाडीच्या पारखीइतकीच महत्त्वाची ठरते. याचा धडा महाराष्ट्रातच मिळतो. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत मांडलेली 'डीसी अवंती' ही भारतीय बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स गाडी अनेकांच्या कौतुकाचा विषय झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये याच गाडीच्या व्यवहारांवरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. एकाच गाडीची दोन ठिकाणी नोंदणी आणि एकाच गाडीवर अनेक कर्जे, असे ते आरोप होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे. परंतु खरेदीदाराने काय तपासावे, हे त्यातून स्पष्ट होते. चासी व इंजिनावर कोरलेले क्रमांक स्वतः पाहावेत, नोंदणी पुस्तक व 'वाहन' प्रणालीतील नोंदीशी पडताळावेत. कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ व वित्तसंस्थेचा दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातील स्वस्त गाडी एमएच-०४ किंवा एमएच-०५ क्रमांकावर आणताना तिथले ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर हा खर्च किमतीत मिळवूनच भाव ठरवावा.

"फार चालवलेलीच नाही" या वाक्यालाही भुलू नये. उभ्या गाडीची बॅटरी, रबरी कड्या आणि टायर झिजत नाहीत, पण जुने होतात. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे मोल सांगायला नको. आसनपट्टा टोकापर्यंत ओढून गाळाची रेघ शोधावी, गालिच्याखाली हात घालून ओल पाहावी. छप्पर उघडणारे असेल तर त्यावर भरपूर पाणी ओतून पन्हळी वाहतात का, ते तपासावे.

जैन कुटुंबांना आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: आतली आसने कातड्याची आहेत का? महागड्या गाड्यांत चामडे ही प्रतिष्ठेची खूण समजली जाते. मर्सिडीझचे 'आर्टिको' किंवा बीएमडब्ल्यूचे 'सेन्साटेक' हे कृत्रिम पर्याय आहेत, पण प्रत्येक प्रकारात ते मिळतीलच असे नाही. आसने कृत्रिम असली तरी सुकाणूचक्र व गिअरच्या मुठीवर खरे चामडे असू शकते. नव्या गाडीत मागणी नोंदवतानाच हे लेखी घ्यावे; जुन्या गाडीत आवरण बदलण्याचा खर्च आधीच विचारावा.

शेवटची परीक्षा रस्त्यावरची. ती कोरड्या हिवाळ्यात, मोकळ्या पूर्वद्रुतगती मार्गावर घेऊ नये. ऑगस्टमध्ये घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर घ्यावी आणि गाडी आपल्या सोसायटीच्या उतारावरून तळघरात नेऊन दाखवावी. पोट घासते की नाही, गतिरोधक पार होतो की नाही, हे तिथेच कळते.

एवढे करूनही आकडा ठरलेल्या मर्यादेत बसला, मालाच्या देण्यांना धक्का लागत नसला आणि उद्या ती रक्कम शून्य झाली तरी पेढीचा शब्द कायम राहणार असेल, तर घरातल्या तरुणाला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. नसेल, तर नकाराचे कारणही त्याच्या हातातल्या कागदावर मांडलेले असेल आणि ते वडिलांच्या गप्प बसण्यापेक्षा त्याला अधिक पटेल. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यानेच द्यावे. दुसऱ्या आसनावर पहिल्या दिवशी आजोबांनाच बसवायचे त्याने ठरवले, तर हिशेबाची वही मिटायला हरकत नाही.