धाराशिव–मुंबई : अंतर व प्रवासकाल

दोन शहरांमधील अंतर एकाच आकड्याने सांगता येत नाही. भूपृष्ठावरून त्यांना जोडणारी सर्वांत लहान रेषा म्हणजे सरळ अंतर, तर प्रत्यक्ष वाटेने कापावे लागते ते मार्ग-अंतर होय. प्रवासकाल मात्र मार्ग-अंतराबरोबरच वाहनाचा वेग, वाटेतील चढउतार, थांबे व वाहनबदल यांवर अवलंबून असतो. धाराशिव (२०२३ पूर्वीचे अधिकृत नाव उस्मानाबाद) व मुंबई या शहरांच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

धाराशिव बालाघाटच्या पठारावर वसले आहे. या दोन शहरांच्या रेखांशांत सु. ३·२ अंशांचा फरक असून त्यांमधील सरळ अंतर सु. ३५० किमी. भरते. बार्शी, टेंभुर्णी व पुणे या मार्गाने रस्त्याचे अंतर सु. ४१० किमी., तर कुर्डुवाडी, दौंड व पुणे या मार्गाने लोहमार्गाचे अंतर सु. ४५० किमी. आहे. सरळ अंतराशी त्यांचे प्रमाण अनुक्रमे सु. १·२ व १·३ पट पडते. लोहमार्गास तीव्र चढ व वळणे चालत नसल्याने तो सामान्यतः रस्त्यापेक्षा अधिक लांब पडतो.

मुंबईकडील लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला व १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाल्यावर मुंबई–पुणे लोहमार्ग सलग झाला. हैदराबाद संस्थानात असलेले धाराशिव मात्र या मार्गाबाहेर राहिले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी हा ७६ सेंमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग सुरू झाला व १९११ मध्ये तो लातूरपर्यंत नेण्यात आला. तोही धाराशिवला स्पर्श करीत नव्हता, सु. २० किमी. वरील येडशी हे जवळचे स्थानक होते. त्यामुळे प्रवाशास येडशीपर्यंत रस्त्याने, तेथून कुर्डुवाडीपर्यंत छोट्या गाडीने व पुढे रुंदमापी गाडीने जावे लागे. मंद गती व दोनदा वाहनबदल यांमुळे प्रवासकाल अंतराच्या मानाने फार मोठा होई. २००७-०८ मध्ये या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर करताना तो धाराशिवमार्गे वळविण्यात आला. या वळशाने लातूरकरांचे मार्ग-अंतर वाढले. परंतु धाराशिवच्या प्रवाशास रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईस उतरणे शक्य झाले.

अंतराचे महत्त्व शासनव्यवस्थेनुसारही बदलते. १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी हैदराबाद होती. तिचे सरळ अंतर सु. २७५ किमी. आहे. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई ही राजधानी झाली व ती सु. ७५ किमी. अधिक दूर पडली. उच्च न्यायालयातील कामासाठीही पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. १९८१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाल्याने हा फेरा वाचला. येथे रस्ता वा गाडी बदलली नाही, तर कामाचे ठिकाणच जवळ आले.

तात्पर्य, दूरत्व ठरविताना केवळ किलोमीटर पाहणे अपुरे ठरते. प्रवासास लागणारा वेळ, वाहनबदलांची संख्या व ज्या कामासाठी जावयाचे त्याचे ठिकाण हे घटकही विचारात घ्यावे लागतात.