फुटलेले चित्र आणि शैलीची पारख



मोबाइलवर एखादे चित्र येते. खाली लिहिलेले असते, ‘अमुक चित्रपटातील यंत्रमानव, आतून फुटलेला फोटो.’ घरातली नातवंडे विचारतात, “आजोबा, खरा असेल का हो?” या प्रश्नाचे उत्तर शोधायला यंत्रशास्त्र यावे लागत नाही. जुने मोडी पत्र अस्सल की बनावट, हे ठरवताना आपले इतिहास-संशोधक जी रीत पाळत आले, तीच येथेही चालते : आधी आतला पुरावा, मग बाहेरचा.

उदाहरण आपल्याच शहरातले घेऊ. नाग अश्विन दिग्दर्शित ‘कल्की २८९८ एडी’ हा चित्रपट २७ जून २०२४ रोजी आला. त्यातली ‘बुज्जी’ म्हणजे बोलणारी, विचार करणारी गाडी. तिला आवाज कीर्ती सुरेश यांचा. मे २०२४ मध्ये रामोजी फिल्म सिटीत ती लोकांसमोर आली. महिंद्राचे अभियंते आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्हज यांच्या साहाय्याने घडवलेली, सुमारे ६ टन वजनाची ही गाडी खरोखर चालते.

आतला पुरावा म्हणजे शैली. चित्रपटाच्या जगाची घडण कळल्याशिवाय ती ओळखता येत नाही. ‘कल्की’मध्ये खाली उजाड, धुळकट काशी आहे आणि वर ‘कॉम्प्लेक्स’ नावाचा उलटा पिरॅमिड. खालच्या वस्तू जोडून-जमवून वापरलेल्या दिसतात, वरच्या रेखीव आणि थंड. म्हणून पहिला प्रश्न ‘हे कल्कीसारखे दिसते का?’ असा नसून ‘ही वस्तू कोणत्या बाजूची?’ असा हवा. काशीच्या गल्लीतले यंत्र नवेकोरे, चकचकीत दिसले, तर शंका घ्यावी.

दुसरा प्रश्न आकाराचा. बुज्जीला पुढे दोन प्रचंड चाके आणि मागे एकच गोलाकार चाक आहे. नुसती सावली पाहिली तरी ती ओळखू येते. तिसरा प्रश्न भाराचा. गुडघा वाकेल का? वजन कशावर पेलले आहे? कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्रात पुष्कळदा येथेच गफलत सापडते : तारा कुठेच पोचत नाहीत, अंगावरची अक्षरे वाचता येत नाहीत.

तुलनेसाठी नमुना मात्र निर्विवाद हवा. या चित्रपटाच्या निर्मात्यांनीच ‘फ्रॉम स्क्रॅच’ या नावाने घडणीच्या चित्रफिती दिल्या. त्यातली पहिली चाकाविषयी आहे. एका संशयित चित्राची पारख दुसऱ्या संशयित चित्रावरून करू नये.

आता सावधगिरीची गोष्ट. शैली जुळली म्हणजे चित्र खरे ठरले, असे नाही. नक्कल करणारा शैलीच तर घोटून घेतो. उलट, खरे पण सुरुवातीचे, पुढे रद्द झालेले रेखाटन अंतिम रूपाशी जुळणारही नाही. म्हणून बाहेरचा पुरावा पाहावा. चित्र प्रथम केव्हा दिसले? अधिकृत छायाचित्राच्या आधी की नंतर? कडा कापलेल्या आहेत का? छापील बखरीत आहे तेवढेच ठाऊक असलेले ‘जुने’ पत्र संशयास्पद असते. तसेच, टीझरमध्ये दिसले तेवढेच तपशील दाखवणारे ‘फुटलेले’ चित्र बहुधा टीझर पाहूनच काढलेले असते.

निकाल तीन प्रकारचा असू द्यावा : जुळते, जुळत नाही, सांगता येत नाही. तिसरे उत्तर देण्यात कमीपणा नाही.

शेवटी, चित्र खरे निघाले तर काय करायचे? आपल्यापैकी कित्येक घरांतली मुले आज या शहरात ॲनिमेशन आणि दृश्यपरिणामांच्या कामात आहेत. गुप्ततेचा करार करून ती काम करतात. एखादे चित्र बाहेर गेले की त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकावर संशय येतो, मग तो निर्दोष का असेना. रेखाटनावर कॉपीराइटचा हक्कही असतोच. बनावट चित्र पुढे पाठवले तर आपण खोटे पसरवतो, आणि खरे पाठवले तर कोणाच्या तरी पोरावर संशय ओढवतो. म्हणून नातवंडांसोबत बसून पारख जरूर करा, त्यांची नजर तयार होईल. पण चित्र आपल्यापाशीच थांबू द्या.