सिसएफएस : लिनक्स कर्नलमधील बस-उपकरणांच्या जोडणीची फाईलरूप व्यवस्था

प्रस्तावना

संगणकातील प्रक्रियक आणि इतर उपकरणे यांच्यातील माहितीची देवाणघेवाण ज्या समाईक मार्गावरून होते, त्यास बस असे म्हणतात. हा शब्द मुळात लॅटिनमधील 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी', या शब्दापासून आलेला असून रस्त्यावर धावणारी बस आणि संगणकातील बस ही एकाच शब्दाची दोन अपत्ये होत. या मार्गावरील उपकरण ओळखणे, त्यास योग्य ड्रायव्हर जोडणे व आवश्यकतेनुसार तो सोडविणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची असतात. लिनक्स कर्नलने या कामाची सूत्रे साध्या फाईलींच्या रूपाने प्रशासकाच्या हाती दिली. प्रस्तुत लेखात सिसएफएस या व्यवस्थेचा, विशेषतः प्रयोगशाळेत वारंवार लागणाऱ्या आयटूसी बसच्या संदर्भात, विचार केला आहे. फाईलींचे मार्ग व आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत द्याव्या लागतात.

फाईल, पण तबकडीवर नसलेली

उपकरणाकडे फाईल म्हणून पाहण्याची युनिक्सची परंपरा जुनी आहे. लिनक्समध्ये चालू प्रक्रियांची माहिती देण्यासाठी असलेल्या 'प्रॉक' या फाईल सिस्टीममध्ये कालांतराने हार्डवेअरविषयीचीही वाटेल ती माहिती कोंबली गेली. तिला शिस्त नव्हती. पॅट्रिक मोशेल यांनी कर्नलच्या २.५ या विकास-आवृत्तीच्या काळात उपकरणांची स्वतंत्र मांडणी उभी केली. प्रारंभी 'ड्रायव्हरएफएस' म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीबरोबर सिसएफएस या नावाने सर्वत्र पोहोचली.

'/सिस' या डिरेक्टरीत दिसणाऱ्या फाईली तबकडीवर साठविलेल्या नसतात. फाईल वाचली की कर्नलमधील एक फंक्शन चालते आणि त्याचे उत्तर मजकूर म्हणून समोर येते. फाईलीत लिहिले की दुसरे फंक्शन चालते आणि उपकरणाची स्थिती बदलते. म्हणजेच येथे वाचणे हा प्रश्न आहे आणि लिहिणे ही आज्ञा. एका फाईलीत शक्यतो एकच मूल्य असावे, असा या व्यवस्थेचा दंडक आहे.

स्वतःची ओळख सांगणारी व न सांगणारी बस

पीसीआय बसवरील प्रत्येक उपकरण आपल्या विन्यास-अवकाशात उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक बाळगते. मूळ पीसीआयमध्ये हा अवकाश २५६ बाइटांचा, तर पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ४०९६ बाइटांचा असतो. कर्नल तो क्रमांक वाचतो, ड्रायव्हरांच्या यादीशी ताडून पाहतो आणि जोडणी करतो. वापरकर्त्यास काही करावे लागत नाही.

आयटूसीची गोष्ट निराळी आहे. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केलेली ही बस दोन तारांवर चालते. एक माहितीची, दुसरी कालस्पंदांची. तिच्यावरील उपकरणास सात बिटांचा पत्ता असतो, परंतु आपण कोण आहोत हे सांगण्याची सर्वमान्य सोय नाही. षोडशमान पद्धतीतील ६८ हा पत्ता डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपचा आहे. तोच एमपीयू-६०५० या गतिमापक संवेदकाचाही आहे. पत्त्यावरून प्रतिसाद मिळाला एवढ्यावरून तेथे काय बसविले आहे, हे ठरविता येत नाही.

मग सर्व पत्ते चाचपून का पाहू नयेत? या प्रश्नाचे उत्तर महागात पडलेले आहे. या शतकाच्या प्रारंभी आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांत संवेदक शोधणाऱ्या प्रोग्रॅमने अशी चाचपणी केली असता २४आरएफ०८ या स्मृतिचिपमधील मजकूर बिघडला आणि संगणक सुरू होईनासे झाले. निरुपद्रवी वाटणारा संकेत त्या चिपने वेगळ्या अर्थाने घेतला होता. म्हणूनच येथे उपकरण कोणते आहे हे माणसानेच कर्नलला सांगणे श्रेयस्कर ठरते.

'न्यू डिव्हाइस' फाईल

रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या फलकांवर स्वतंत्र घड्याळ नव्हते. ते २०२३ च्या पाचव्या पिढीत आले. जुन्या फलकास डीएस१३०७ जोडल्यावर '/सिस/बस/आयटूसी/डिव्हाइसेस/आयटूसी-१/न्यू_डिव्हाइस' या फाईलीत चिपचे नाव व पत्ता एका ओळीत लिहावा लागतो. कर्नल लगेच उपकरणाची नोंद करतो आणि योग्य ड्रायव्हर उपलब्ध असल्यास जोडतो. एका फाईलीत एकच मूल्य हा दंडक येथे खुद्द कर्नलनेच मोडला आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. सोयीपुढे शिस्त नमली, असेच म्हणावे लागेल.

विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा दोन ठिकाणी होते. पत्त्यापूर्वी षोडशमान दर्शविणारे शून्य-एक्स हे उपपद गाळले, तर कर्नल ६८ ही संख्या दशमान समजतो आणि षोडशमान ४४ या भलत्याच पत्त्यावर उपकरणाची नोंद करतो. तेथे खरोखर काही आहे की नाही, हे नोंद करताना तपासले जात नाही. दुसरी गल्लत अधिकारांची. 'सुडो' लावून 'एको' आज्ञा दिली तरी परवानगी नाकारली जाते, कारण बाणाच्या चिन्हापुढील फाईल उघडण्याचे काम सामान्य अधिकारातील शेल करीत असते. 'सुडो टी' या आज्ञेकडे मजकूर वळविल्यास हा प्रश्न सुटतो. चुकीची नोंद 'डिलीट_डिव्हाइस' या फाईलीत तोच पत्ता लिहून काढता येते. मात्र याच पद्धतीने निर्माण केलेली उपकरणेच अशी काढता येतात.

ड्रायव्हर सोडविणे व बदलणे

२००५ पासून प्रत्येक ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत 'बाइंड' व 'अनबाइंड' या फाईली मिळू लागल्या. पीसीआय उपकरणाचा पत्ता 'अनबाइंड'मध्ये लिहिला की ड्रायव्हर त्यास सोडतो. एखादे कार्ड आभासी संगणकाच्या स्वाधीन करावयाचे असल्यास ते 'व्हीएफआयओ-पीसीआय' या ड्रायव्हरकडे द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी 'न्यू_आयडी' फाईलीत उत्पादक व उपकरण क्रमांक लिहीत असत. यातील अडचण अशी की एकाच प्रकारची दोन कार्डे असल्यास हा क्रमांक दोघांनाही लागू पडतो. २०१४ मध्ये आलेल्या 'ड्रायव्हर_ओव्हरराइड' या फाईलीमुळे नेमक्या एका उपकरणापुरता ड्रायव्हर ठरविता येऊ लागला.

येथे खात्री करून घेणारा प्रश्न विचारला जात नाही. ज्या नियंत्रकावर मुख्य तबकडी जोडलेली आहे त्याचाच पत्ता 'अनबाइंड'मध्ये लिहिला गेला, तर कर्नल आज्ञा पाळतो आणि चालू यंत्रणेच्या पायाखालची जमीन निघून जाते. सुदैवाने सिसएफएसमध्ये लिहिलेली मूल्ये संगणक पुन्हा सुरू केल्यावर उरत नाहीत. पण त्यामुळेच घड्याळाची वरील नोंदही दर वेळी नव्याने करावी लागते. कायमस्वरूपी जोडणीसाठी अशा फलकांवर डिव्हाइस ट्री या वर्णन-फाईलीतच त्या चिपचा उल्लेख केला जातो, आणि कर्नल सुरू होतानाच तो वाचून घेतो.