जुना लॅपटॉप, मुक्त सॉफ्टवेअर आणि घरचा पहिला व्हिडिओ

घरोघरी मोबाइल व्हिडिओंनी भरून गेले आहेत. भाच्याचा अकीका, मावसबहिणीचा निकाह, हजला निघालेल्या नानांचा निरोप, शाळेतले मुलीचे भाषण. एकेका प्रसंगाच्या वीस-पंचवीस क्लिप पडून असतात आणि पाहायला कोणी बसत नाही, कारण कामाची दोन मिनिटे सापडेपर्यंत अर्धा तास हलता कॅमेरा सोसावा लागतो. नको ते कापायचे, हवे ते ओळीने लावायचे, वर नाव लिहायचे, एवढे केले की त्याच क्लिपांची जपून ठेवण्यासारखी आठवण होते. यालाच व्हिडिओ संकलन म्हणतात.

शाळेत पालक आम्हाला विचारतात, "सर, पोराला एडिटिंग शिकायचंय. कोणतं सॉफ्टवेअर टाकून देऊ?" पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "दुकानवाला क्रॅक करून देतो म्हणतो." हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

क्रॅक म्हणजे काय?

पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरचे कुलूप तोडून ते फुकट वापरणे म्हणजे क्रॅक. त्यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली सुरक्षेची. कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहार करतो. दुसरी गोष्ट हक्काची. परीक्षेत नक्कल करू नकोस, दुसऱ्याच्या झाडाचा आंबा विचारल्याशिवाय तोडू नकोस, असे आपण मुलांना शिकवतो. त्याच मुलाच्या हातात दुसऱ्याच्या मेहनतीची चोरलेली वस्तू देऊन "यावर हुनर शीक" म्हणणे कसे चालेल?

महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, हे खरे आहे. पण प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. या परंपरेतल्या मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच सांगतो की ते वापरा, आतली रचना पाहा, बदला आणि शेजाऱ्यालाही प्रत द्या. इथे प्रत काढून देणे गुन्हा ठरत नाही, उलट बनवणाऱ्याची तीच इच्छा असते.

केरळने हे शाळांच्या पातळीवर करून दाखवले आहे. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, आज त्याचेच काम काईट ही संस्था पाहते. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या संगणकांवर लिनक्सची प्रणाली चालते. लाखो मुले तिच्यावर शिकली.

आपल्याकडे सध्या आणखी एक निमित्त आहे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकता येते. यंत्र फारच जुने असेल तर झुबुंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, ती हलकी असते. आधी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. आवडले तरच लॅपटॉपवर बसवावे, आणि बसवण्यापूर्वी सर्व फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

तिघांतले कोणते?

लिनक्सवर ॲडोबी प्रीमियर चालत नाही. डाविंची रिझॉल्व्ह चालते, पण त्याला तगडे ग्राफिक्स कार्ड लागते आणि ते मुक्त सॉफ्टवेअरही नाही. घरगुती कामासाठी तीन नावे लक्षात ठेवली तरी पुरे.

ओपनशॉट : जोनाथन थॉमस यांनी २००८ मध्ये सुरू केले. पडद्यावर बटणे मोजकीच असतात. क्लिप ओढून खाली आणायची, कात्रीने कापायची. एक क्लिप दुसरीवर थोडी सरकवली की पहिले दृश्य विरघळत दुसरे येते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ज्याने आयुष्यात कधी संकलन केलेले नाही, त्याने इथून सुरुवात करावी.

शॉटकट : डॅन डेनेडी यांचे. सुरुवातीला पडदा रिकामा दिसतो, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. दोन दिवसांत हात बसतो. एस हे अक्षर दाबले की क्लिपचे जागच्या जागी दोन तुकडे होतात.

केडेनलाइव्ह : २००२ पासून वाढत आलेले आणि केडीई या मोठ्या समूहाने सांभाळलेले. बटणे जास्त आहेत, पण पुढे मुलाला काही मोठे करावेसे वाटले तर हात आखडत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी यात एक उत्तम सोय आहे, ती पुढे सांगतो.

आमचा सल्ला सरळ आहे. पहिले दोन-तीन व्हिडिओ ओपनशॉटवर करावेत आणि नंतर केडेनलाइव्हवर जावे. रोज नवे सॉफ्टवेअर उतरवून पाहणारा मुलगा महिनाभराने कोरडाच राहतो. एकावर पाच मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण करणारा शिकतो. तिन्ही सॉफ्टवेअर उबुंटूच्या ॲप सेंटरमध्ये नाव टाइप केले की मिळतात, त्यासाठी दुकानात जायला नको.

लॅपटॉप अडखळतो, कारण...

व्हिडिओचे प्रत्येक चित्र ठिपक्यांचे असते. ७२० च्या चित्रात सुमारे ९ लाख ठिपके असतात, १०८० च्या चित्रात सुमारे २१ लाख आणि फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. सेकंदाला अशी तीस चित्रे हाताळायची असतात. म्हणजे फोर-केचे ओझे ७२० च्या नऊपट! घरच्या कामासाठी मोबाइलचा कॅमेरा १०८० वर, शक्य असेल तर ७२० वर ठेवावा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच-२६४ आणि एच-२६५ असा पर्याय असेल तर एच-२६४ घ्यावा, जुन्या यंत्राला तो सोपा जातो.

तरीही अडखळले तर केडेनलाइव्हची प्रॉक्सी सोय वापरावी. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ती चालू केली की सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवते. आपण कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करतो, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ क्लिपवरून तयार होतो. शॉटकटमध्येही ही सोय आहे.

पहिला व्हिडिओ, पायरीपायरीने

विषय छोटा घ्यावा. आमच्या शाळेत नववीच्या मुलींना आम्ही "घरातल्या वडीलधाऱ्यांची एक आठवण" हा विषय दिला होता. कोणी दादीच्या सांदणाची कृती आणली, कोणी अब्बांच्या गिरणीतल्या दिवसांची गोष्ट.

१. एक नवा फोल्डर करून सर्व क्लिप, फोटो आणि आवाज त्यात ठेवावेत. काम संपेपर्यंत त्यांची जागा किंवा नाव बदलू नये. सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये खुद्द व्हिडिओ नसतो, "अमुक फाइल अमुक ठिकाणी आहे" एवढीच नोंद असते. फाइल हलवली की ती सापडत नाही आणि मुलाला वाटते, सगळे पुसले गेले.

२. कापण्याआधी सर्व क्लिप एकदा पाहून कागदावर क्रम लिहावा. हा कागद अर्धे काम करतो.

३. क्लिप क्रमाने टाइमलाइनवर लावाव्यात आणि प्रत्येकीचे आगापिछा कापावे. मूळ क्लिप शाबूत राहते, त्यामुळे भ्यायचे कारण नाही.

४. दर पाच मिनिटांनी सेव्ह करावे. संकलनाचे कोणतेही सॉफ्टवेअर जड कामात मध्येच बंद पडू शकते.

५. शेवटी एक्स्पोर्ट. ओपनशॉटमध्ये लाल गोल बटण, केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये अनुक्रमे रेंडर आणि एक्स्पोर्ट. एमपी-४ प्रकार आणि ७२० आकार निवडावा. सेकंदाला २ मेगाबिटचा वेग ठेवला तर मिनिटाला साधारण १५ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ ७५ एमबीच्या आसपास होतो. तो मोबाइलवरून पाठवता येतो.

मराठी आणि उर्दू नावे

आपल्या घरांत दोन्ही लिप्या लागतात. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड या भागात मराठी आणि उर्दू दोन्ही जोडता येतात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट आहे, देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तुटले किंवा उर्दू शब्द उलटा दिसला तर वाद घालत बसू नये. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये सुंदर पाटी बनवून ती चित्र म्हणून जतन करावी आणि फोटोसारखी टाइमलाइनवर टाकावी. हा उपाय तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये चालतो.

आवाज आणि इजाजत

चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात, पण आवाज ऐकू आला नाही तर उठून जातात. बोलताना पंखा बंद करावा आणि मोबाइल बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर ठेवावा. मागे दुसऱ्याचे गाणे किंवा नशीद लावण्याचा मोह होतो, पण तिलाही कोणीतरी मालक असतो. दादीचा स्वतःचा आवाज, तव्यावरची चरचर, अंगणातली पाखरे यांवर कोणाचा दावा नाही, आणि वीस वर्षांनी कान त्यांनाच शोधतील.

सर्वांत महत्त्वाचे : ज्यांचा चेहरा दिसतो त्यांना विचारल्याशिवाय व्हिडिओ घराबाहेर जाऊ नये. निकाहाच्या व्हिडिओत पाहुण्या भगिनी असतात, शाळेच्या व्हिडिओत दुसऱ्यांची लेकरे असतात. त्यांची छबी आपल्याकडे अमानत आहे. नको असलेला भाग कापून टाकणे हेच तर आपण इथे शिकतो आहोत!

पालकांना एवढेच सांगणे आहे की, या महिन्यात एका रविवारी मुलांबरोबर बसा. कपाटातला जुना लॅपटॉप काढा, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून पाहा, ओपनशॉट उघडा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर मोबाइल धरा. प्रश्न मुलांना विचारू द्या. पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरा व्हायला दोन-तीन रविवार लागतील, लागू द्या. त्यात मुलांना एक हुनर मिळेल, आणि ते कुणाचेही कुलूप न तोडता मिळाले हेही त्यांना ठाऊक राहील.