पदकापलीकडचा हिशेब

आपल्या घरांतून मुलांच्या भवितव्याविषयी बोलणे निघाले, की डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतील अधिकारी अशी ठरलेली नावे पुढे येतात. 'टेनिसपटू' हा शब्द त्या यादीत क्वचितच असतो. खेळ प्रकृतीला चांगला आणि शाळेच्या प्रमाणपत्रालाही उपयोगी, हे सर्वांना मान्य असते. परंतु त्यावर पोट भरेल काय, हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या ओठांवर येतोच. तो प्रश्न अनाठायी नाही. त्याचे उत्तर मात्र केवळ होकार किंवा नकार देऊन भागणारे नाही. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले या खेळाडूची वाटचाल पाहिली, तर ते उत्तर बरेचसे हाती लागते.

ऋतुजाचा जन्म २७ मार्च १९९६ रोजी श्रीरामपूर येथे झाला. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखात आहे. टेनिसचे माहेरघर म्हणून त्याची ख्याती नाही. वडील पोलीस खात्यात अधिकारी. म्हणजे घर नोकरदाराचे, आपल्यापैकी अनेकांच्या घरांसारखेच. या घरातील मुलीची २०१२ साली देशाच्या फेड चषक संघात वर्णी लागली. तेव्हा तिचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते.

येथवरची कथा सुखद आहे. खरी कसोटी यापुढे लागते. टेनिसमध्ये व्यावसायिक होणे म्हणजे कोणत्याही संस्थेत नोकरीला लागणे नव्हे. येथे महिन्याचा पगार नाही आणि प्रवासभत्ताही नाही. खेळाडू स्वतःच मालक, स्वतःच नोकर आणि पुष्कळदा स्वतःच कारकून. कोणत्या देशातील स्पर्धेत नाव द्यावयाचे, विमानाचे तिकीट केव्हा काढावयाचे, प्रशिक्षकाला बरोबर न्यावयाचे की खर्च वाचवून एकटीने जावयाचे, हे सारे तिलाच ठरवावे लागते.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धा पंधरा हजार डॉलरची असते. आकडा मोठा वाटतो. पण ही रक्कम स्पर्धेतील एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत मिळून वाटली जाते. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम येते आणि त्यातूनही कर वजा होतो. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामातच ती संपते; विमानभाडे पदरचे. उलट २०२५ साली विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या एकेरीच्या खेळाडूलाही ६६,००० पौंड मिळाले. खेळ तोच, चेंडू तोच. परंतु शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायरीत असे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुख्य स्पर्धेतील एकेरीच्या जागा १२८ आणि त्यांकडे डोळे लावून बसलेले खेळाडू जगभर विखुरलेले.

त्यात जागतिक क्रमवारीचा नियम मोठा कठोर. एका स्पर्धेत मिळविलेले गुण बावन्न आठवडे टिकतात. मग ते गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलेले राखावयाचे, तर यंदा पुन्हा तितकेच कमवावे लागते. दुखापतीने खेळाडू सहा महिने घरी बसली, तर गुण थांबत नाहीत, ते आपले ओसरतच राहतात. शेतकऱ्याला एक हंगाम चुकल्याचा फटका कसा बसतो, हे ठाऊक असलेल्यांना याहून अधिक सांगावयास नको.

अशा वळणावर ऋतुजाने घेतलेला एक निर्णय पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. २०१४ साली ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि तीन वर्षे तेथील संघातून खेळली. विद्यापीठाच्या संघात राहून स्पर्धेच्या बक्षिसांवर उपजीविका करावयाची नाही, अशी तेव्हाच्या तेथील नियमांची चौकट होती. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे व्यावसायिक क्रमवारीपासून काहीशी दूर गेली. परंतु त्या काळात मैदाने, प्रशिक्षक, नियमित सामने आणि त्यांबरोबर शिक्षण, हे सारे एका छत्राखाली मिळाले. शिक्षण आणि खेळ यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, ही आपल्याकडची समजूत या वाटेने बरीच सैल होते.

परतल्यावर तीच शिडी पुन्हा चढावयाची होती. मार्च २०२० मध्ये दुबई येथे भारतीय महिला संघ फेड चषकाच्या जागतिक प्ले-ऑफसाठी प्रथमच पात्र ठरला. त्या संघात अंकिता रैना आणि सानिया मिर्झा यांच्यासमवेत ऋतुजा होती. अंकिताचे उदाहरणही महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कुटुंबांना जवळचे वाटावे. ती अहमदाबादची; प्रशिक्षणासाठी पुण्यास आली आणि २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये तिने एकेरीचे कांस्यपदक मिळविले.

ऋतुजाचा दिवस उजाडला तो ३० सप्टेंबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझाऊ येथे. एशियाडच्या मिश्र दुहेरीत तिचा जोडीदार होता कोडगूचा त्रेचाळीस वर्षांचा अनुभवी रोहन बोपण्णा. अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीने पहिला सेट ६-२ असा सहज घेतला. दुसरा सेट भारतीय जोडीने ६-३ असा खेचून आणला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ ने जिंकला. सुवर्णपदक मिळाले तेव्हा ऋतुजा सत्तावीस वर्षांची होती. देशाच्या संघात प्रथम निवड होऊन अकरा वर्षे लोटली होती. वृत्तपत्रांनी तो दिवस छापला. ती अकरा वर्षे छापण्याजोगी कोणाला वाटली नाहीत. आणि एशियाडच्या पदकाबरोबर स्पर्धेची बक्षीस-रक्कम येत नाही. मानसन्मान झाला, सत्कार झाले, तरी पुढच्या स्पर्धेसाठी पुन्हा बॅग भरावी लागतेच.

मराठी स्त्री आणि टेनिस यांचे नाते याहून जुने आहे. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. तेथे असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. तो काळ हौशी खेळाडूंचा होता. विंबल्डनची दारे व्यावसायिकांना उघडली ती १९६८ साली. लीलाबाईंच्या पिढीत ज्या घरी सवड आणि सुबत्ता होती, तेथेच ही रॅकेट शोभे. त्यानंतर एकोणनव्वद वर्षांनी पोलीस अधिकाऱ्याची मुलगी एशियाडचे सुवर्ण आणते, हा बदल लहान नाही. मात्र दार उघडले, तरी उंबरठ्याची उंची कमी झालेली नाही. पूर्वी कुळ पाहिले जाई, आज खर्च पाहावा लागतो.

सिल्वासाच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, साकरतोड नदीकाठी वसलेल्या आमच्या खानवेलमधून एखाद्या मुलीने उद्या या खेळाचा ध्यास घेतला, तर तिच्या आई-वडिलांनी काय करावे? तिला नाउमेद करू नये, हे तर झालेच. पण डोळे मिटून सर्वस्व पणालाही लावू नये. प्रशिक्षणासाठी घर हलवावे लागेल काय, किती वर्षे खर्च पेलेल, शिक्षणाची दोरी कोठवर धरून ठेवता येईल, याचा हिशेब तिच्यासमोर आणि तिच्यासह मांडावा. मुले अशा हिशेबाने खचत नाहीत. आपल्यापासून काही लपविले जात आहे, या शंकेने मात्र ती खचतात.

आणि मुलगी पहिल्या फेरीत हरून परतली, तर 'किती मिळाले?' असे विचारण्याआधी 'कशी खेळलीस?' असे विचारावे. या व्यवसायात पराभव जवळजवळ दर आठवड्याला भेटतो. मोठमोठ्या स्पर्धांतही अखेरीस एकच खेळाडू न हरता घरी जाते. बाकीच्या साऱ्यांना हरूनच परतावे लागते, आणि सोमवारी पुन्हा मैदानावर उतरावे लागते. तसे उतरण्याचे बळ कोणत्याही बक्षिसातून येत नाही; ते पुष्कळसे घरातूनच न्यावे लागते.