सर्व्हर म्हणेल ते खरं

मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधला प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. म्हणजे अगदी सरळ केबल टाकली तरी संदेश जाऊन परत यायला जवळजवळ ४० मिलिसेकंद लागणारच. पोरं ज्या पिंगला, म्हणजे या जाण्यायेण्याच्या वेळेला, शिव्या घालतात, त्यातला एवढा भाग कुठल्याच कंपनीला कमी करता येत नाही. ऑनलाइन खेळांचे सर्व्हर लिहिणाऱ्यांची सगळी कसरत या मिलिसेकंदांशी आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र तंत्राचा कमी आणि न्यायनिवाड्याचा जास्त: दोन खेळाडूंना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, तर खरं कुणाचं?

१९७८ मध्ये ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ रचला, तेव्हा ही अडचण नव्हती. सगळा खेळ एकाच मोठ्या संगणकावर, तोही मजकुरातला. ओळ अर्ध्या सेकंदाने उमटली तर कुणाचं काय बिघडणार! डिसेंबर १९९३ मधल्या ‘डूम’ला तर सर्व्हरच नव्हता. प्रत्येक संगणक आपल्या खेळाडूच्या हालचाली इतरांना कळवी आणि सगळ्यांच्या आल्याशिवाय पुढे सरकत नसे. पहिल्या आवृत्तीची पॅकेटं नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या यंत्रांवर जाऊन आदळत. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खेळावर बंदी आली.

‘एज ऑफ एम्पायर्स’ने १९९७ मध्ये सगळ्यांनी बरोबरीने पुढे सरकायची हीच पद्धत २८.८ किलोबिटच्या मोडेमवर चालवली. दीड हजार सैनिकांच्या जागा सतत पाठवणं त्या मोडेमच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून पाठवायचा तो फक्त हुकूम. तो दोन फेऱ्यांनंतर सगळीकडे एकदम अमलात येई आणि लढाईचं गणित प्रत्येक संगणक आपापलं करी. मेख अशी, की हे गणित तंतोतंत सारखं हवं. खेळाच्या चमूतल्या मार्क टेरानो आणि पॉल बेटनर यांनी पुढे लिहून ठेवलंय: नकाशा बनताना एखादं हरीण किंचित वेगळ्या जागी उभं राहिलं, की काही मिनिटांनी एका संगणकावर गावकऱ्याचा भाला चुके आणि तो मांसाशिवाय घरी येई. दुसऱ्या संगणकावर मात्र शिकार झालेली! तिथून पुढे दोन वेगळीच युद्धं. असला बग शोधणाऱ्यांची मला मनापासून दया येते.

त्याच्या वर्षभर आधी, १९९६ च्या ‘क्वेक’ने निवाडा सर्व्हरकडे सोपवला होता. कळ दाबायची, ती सर्व्हरपर्यंत पोचायची, उत्तर यायचं, मग पडद्यावरचा माणूस हलायचा. ऑफिसच्या नेटवर्कवर झकास. घरच्या मोडेमवर चिखल तुडवल्यासारखं. इंटरनेटसाठी आपली मूळ गृहीतकंच चुकली, हे ‘क्वेक’चा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने काही आठवड्यांतच जाहीरपणे मान्य केलं. डिसेंबरात आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये खेळाडूचा संगणक सर्व्हरची वाट न बघता अंदाजाने पाऊल टाकू लागला. अंदाज चुकला, तर सर्व्हर त्याला ओढून जागेवर आणतो. ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या यान बर्नियरने २००१ मध्ये त्यापुढची युक्ती मांडली: गोळी झाडली गेली की सर्व्हरने घड्याळ मागे न्यायचं आणि नेमबाजाला तेव्हा काय दिसत होतं ते पाहून निकाल द्यायचा. भिंतीआड पोचलेला माणूस मरतो तो यामुळेच. हा अन्याय असला, तरी नेम अचूक धरूनही गोळी वाया जाण्यापेक्षा मला तो परवडतो.

नवशिका पहिला सर्व्हर बहुधा टीसीपीवर, म्हणजे सगळं क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या पद्धतीवर, लिहितो आणि गप्पांपुरता तो उत्तम चालतो. पळापळीच्या खेळात मात्र एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात, आणि ते हरवलेलं पोचेपर्यंत शिळं झालेलं असतं. मग १९८० पासूनच्या, कसलीच हमी न देणाऱ्या यूडीपीकडे वळायचं. तिथे क्रमांक, पोच, हरवलेलं पुन्हा पाठवणं असं जे लागेल ते सगळं आपणच लिहायचं. अर्धा टीसीपी पुन्हा लिहून झाला की तो मुळात तसा का आहे ते उमगतं. शिवाय समोरून आलेल्या कशावरही विसंबायचं नाही: पॅकेटमध्ये लिहिलेली लांबीसुद्धा तपासल्याशिवाय मानायची नाही. खेळाडूने ‘मी इथे आहे’ म्हटलेलं ऐकायचंच नाही. त्याने कोणती कळ दाबली एवढंच घ्यायचं. आणि स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं म्हणून फसू नये. लिनक्सवरचं नेटेम हे साधन वापरून शंभर मिलिसेकंदांचा उशीर आणि थोडी पॅकेटगळती मुद्दाम घालावी. बग आपोआप बाहेर पडतात.

दुसऱ्याच्या खेळासाठी सर्व्हर लिहिणं ही वेगळी भानगड. ‘बीनेटडी’ हा ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटल.नेट या खेळसेवेला पर्यायी सर्व्हर काही हौशी प्रोग्रामरांनी लिहिला. त्यावर चोरीच्या प्रतीही चालतात म्हणून ब्लिझार्ड कोर्टात गेली आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयातही जिंकली. ‘क्वेक’चा सोर्स कोड मात्र डिसेंबर १९९९ पासून जीपीएल परवान्याखाली खुला आहे, सर्व्हरसकट.